सव्वीस मिनिटांचं स्वागतगीत

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शिक्षण खात्याची जीप शाळेच्या फाटकातून आत आली, शिपाई सुपडूनं खांद्यावरचा पांढरा टॉवेल हलवला आणि मी माइकवरून स्वागतगीताची घोषणा केली. जीपमध्ये ड्रायव्हर होता. साहेब नव्हते.

हे मला कळलं चार वाजून बारा मिनिटांनी. तोवर पहिलं कडवं संपलं होतं.

तारीख १८ जानेवारी १९८६, वार शनिवार. ठिकाण कासारे जंक्शन, नूतन प्रकाश विद्यालयाचं पत्र्याचं सभागृह. प्रसंग वार्षिक स्नेहसंमेलनाचा. प्रमुख पाहुणे होते जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी उगलेसाहेब. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. स्वागतगीतही मीच लिहिलं होतं, आणि ते का लिहिलं होतं हे आमच्या शिक्षकखोलीतल्या टेबलालासुद्धा माहीत होतं.

मी त्या शाळेत सहा वर्षं मराठी शिकवत होतो. दर जूनमध्ये मला नेमणुकीचं पत्र मिळायचं आणि दर एप्रिलमध्ये सेवासमाप्तीचं. दोन्ही पत्रं हेडसर अमृतकर स्वतःच्या हातानं द्यायचे आणि दोन्ही वेळा "बघू या, खैरनार" असं म्हणायचे. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आल्याशिवाय मी कायम होणार नव्हतो. माझी फाईल साहेबांच्या टेबलावर दोन वर्षं होती. जोडीला मी एका दैनिकाचा गावचा वार्ताहर होतो, त्यामुळे गावात कोणाचं काय अडलंय हे मी रोज चार ओळींत लिहून पाठवायचो. माझं अडलेलं लिहायची सोय नव्हती. म्हणून गीत.

स्वागत करू या, फुले उधळू या, हर्षभरे सारे
आले हो आले उगलेसाहेब, उजळले कासारे

यापुढे आणखी तीन कडवी होती. साहेबांचं नाव पाच वेळा येत होतं. हेडसरांनी सहा वेळा करायला सांगितलं, पण मात्रा बसेनात.

पद्धतही हेडसरांचीच. पाहुण्यांची गाडी फाटकात दिसली की टॉवेल. टॉवेल दिसला की गाणं. पाहुणे मधल्या वाटेनं चालत येणार, शेवटच्या कडव्याला व्यासपीठावर पोचणार आणि शेवटच्या ओळीला खुर्चीत बसणार. पाहुणे बसेपर्यंत गाणं थांबवायचं नाही, हा नियम. एकदा एका आमदारांच्या वेळी गाणं आधी संपलं आणि ते उरलेली वाट चपलांच्या आवाजात चालत आले, तेव्हापासूनचा. एकूण चार मिनिटं. तीन तालमी झाल्या. तालमीत साहेबांचं काम सुपडू करायचा. तिसऱ्या तालमीपर्यंत तो चालताना दोन्ही बाजूंना मान हलवू लागला होता.

सगळं चोख होतं, फक्त पेटी नव्हती. शाळेची पेटी स्टेशनरोडच्या भजनी मंडळानं मकर संक्रांतीला नेली होती ती परत दिली नव्हती. संगीताच्या मराठे बाई दुपारी दोन वाजता स्वतः जाऊन आल्या. मंडळाचे अध्यक्ष पेटीसकट शेजारच्या गावी गेले होते.

"पेटीशिवाय मुली सुरात उभ्या राहणार नाहीत, सर," बाई म्हणाल्या.

तेव्हा सहा गाणाऱ्या मुलींपैकी ग्लोरिया म्हणाली, "माझे काका येतील. गिटार आहे त्यांच्याकडे."

तिचे काका म्हणजे ॲल्विन कुटिन्हो, मालगाडीचे गार्ड. वय पंचावन्नच्या पुढे, पांढऱ्या मिशा, पायात रेल्वेचे काळे बूट. गावात त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाला ते वाजवायचे एवढंच मला माहीत होतं. तीन वाजता ते गिटार आणि एक खोकं घेऊन आले. खोक्यात स्पीकर होता. शर्टाच्या खिशातून त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची मान काढली, नीट घासून गुळगुळीत केलेली, आणि ती करंगळीत घातली.

"हे काय?" मी विचारलं.

"हे घातलं की सूर सरकतो, मास्तर. पायरी नाय, उतार."

"आम्हाला उतार नको. साधी चाल आहे. आपण काय वाजवता एरवी?"

"ब्लूज."

मी तो शब्द वार्ताहर असूनही ऐकला नव्हता. तसं सांगितलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "मालगाडीचा गार्ड काय करतो? लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, पडून राहतो. मेल गेली, थांब. पॅसेंजर गेली, थांब. साहेबाची खास सलून-गाडी गेली, थांब. सहा-सहा तास. एक ड्रायव्हर होता, डेरिक म्हणून. ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा त्याच्या रेकॉर्डी मला देऊन गेला. त्या ऐकल्या आणि म्हटलं, अरे, हे तर लूपमधलं गाणं. एक ओळ म्हणायची. कोणी ऐकत नाय. तीच परत म्हणायची. मग तिसऱ्या ओळीत सांगायचं का म्हणतोस. बारा ठेक्यांत खेळ खलास. मग परत पहिल्यापासून."

"आमच्या गाण्यात तसं काही नाही."

"नसू दे. तू सांगशील तसं वाजवतो. थांबू केव्हा?"

"साहेब खुर्चीत बसले की. त्याच्या आधी नाही. नियम आहे."

"नियम असेल तर बरं," गार्डसाहेब म्हणाले. "नियमावर तीस वर्षं काढली आपण."

चार वाजून पाच मिनिटांनी सायकल स्टँडच्या बाजूच्या दारातून एक गृहस्थ आत आले. तपकिरी हातविणीचा स्वेटर, पायात वहाणा, विजारीला धूळ. ते पहिल्या रांगेकडे निघाले होते. मी व्यासपीठावरून उतरून त्यांना गाठलं.

"पालक का?"

त्यांनी जरा विचार केला. "हो, पालकही आहे."

"मग मागे बसा. पहिल्या तीन रांगा पाहुण्यांच्या आहेत."

"कुठं बसू?"

"चौदाव्या रांगेत खिडकीजवळ जागा आहे. आणि मधून उठू नका, साहेब यायचेत."

ते जाऊन बसले.

आता पुन्हा चार वाजून दहा मिनिटांवर येतो. टॉवेल हलला, मुलींनी सुरुवात केली आणि गार्डसाहेबांनी पहिलं कडवं अगदी माझ्या मनासारखं वाजवलं. पेटीसारखं. जीप पोर्चमध्ये थांबली. हेडसर हार घेऊन जीपच्या मागच्या दाराशी गेले, वाकले, आत पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले. मग ते ड्रायव्हरशी बोलले. नंतर कळलं ते असं. ड्रायव्हर साहेबांना आणायला स्टेशनच्या पुढच्या बाजूला उभा होता. पॅसेंजर आली, साहेब दिसले नाहीत, तेव्हा हेडसरांनी त्यांना स्कूटरवरून नेलं असणार असं त्यानं ठरवलं आणि जीप घेऊन तो शाळेत आला. आमच्या सुपडूनं जीप ओळखली. जीपमधल्या माणसाशी त्याचा संबंध नव्हता.

हेडसरांनी व्यासपीठाकडे पाहून तर्जनी हवेत गोल फिरवली. चालू ठेवा. मग हार हातात घेऊन तेच जीपमध्ये बसले, सुपडू मागे चढला आणि जीप स्टेशनकडे गेली.

मुलींनी चारही कडवी म्हटली. मधली वाट रिकामी होती. चारशे माणसं माना वळवून त्या रिकाम्या वाटेकडे बघत होती. मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी बोट गोल फिरवलं.

दुसऱ्या फेरीत पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात "आले हो आले उगलेसाहेब" ही ओळ आली आणि "आले" या शब्दावर गार्डसाहेबांनी बाटलीची मान तारेवर टेकवून सूर वर ढकलला आणि तिथंच लोंबकळत ठेवला. एवढंच केलं. पण त्या ओळीचा अर्थ फिरला. आले? कुठं आलेत? हॉलमध्ये कोणीतरी फिस्कन हसलं.

"सर," मराठे बाई माझ्या कानाशी आल्या, "ते गंधार चुकवतायत."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं असतं. पण दर वेळी अगदी एकाच जागी चुकवतायत."

तिसऱ्या फेरीला त्यांनी गाण्याची गती निम्म्यावर आणली. मी लिहिलेली चाल घोड्यासारखी दुडकी होती. ती आता चढावर लागलेल्या मालगाडीसारखी झाली. गार्डसाहेबांच्या उजव्या बुटाची टाच फळ्यांवर आपटत होती, आणि जिथं आमच्याकडे टाळी पडते तिथं नाही, त्याच्या पुढच्या ठोक्यावर. रेल्वे कॉलनीतल्या बायका भजनाला बसणाऱ्या. त्यांनी दोन वेळा चुकीच्या जागी टाळी दिली, तिसऱ्या वेळी त्या जागेवर आल्या. मग सगळा हॉल आला. पत्रे हलायला लागले.

ग्लोरियानं काकांकडे पाहिलं. काकांनी भुवया उडवल्या. घरी हे चालत असणार. तिनं आवाज खाली घेतला, माझे शब्द सोडून दिले आणि एकटीनं म्हटलं:

"साहेब नाही आले."

गिटारनं तेच म्हटलं. शब्द नव्हते, पण तेच म्हटलं.

"साहेब नाही आले."

पुन्हा गिटार. आणि तिसरी ओळ:

"टॉवेल हलला, जीप आली, साहेब नाही आले."

हॉल असा हसला की माइकची शिट्टी वाजली. मी धावत गार्डसाहेबांकडे गेलो. घड्याळात चार एकोणीस.

"थांबवा."

"बसले साहेब?"

"कुठले बसताहेत!"

"मग कसं थांबू? तूच म्हणालास. लाइन क्लिअर नाय तर गार्ड झेंडी दाखवत नाय, मास्तर."

"पण शब्द बदललेत!"

"शब्द पोरीनं बदलले. मी फक्त ठोका बदलला." त्यांनी हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "साहेब नाय आले, बरोबर आहे. दुसरं काय नाय आलं?"

मराठे बाईंना राहवलं नाही. "पेटी नाही आली!" त्या म्हणाल्या, आणि त्या माझ्याजवळ म्हणजे माइकजवळच उभ्या होत्या. मुलींनी उचललं.

पेटी नाही आली
पेटी नाही आली
भजनी मंडळानं नेली, ती परत नाही दिली

इथून गाणं आमच्या हातून गेलं. चौथ्या रांगेतून एक बाई उभ्या राहून म्हणाल्या, "नळाला पाणी नाही आलं!" मुलींनी दोनदा म्हटलं. तिसऱ्या ओळीसाठी गिटार थांबून वाट बघत राहिली. बाईंनी पदर खोचला आणि म्हटलं, "नगराध्यक्षांच्या गच्चीवर मात्र टाकी भरून गेलं!" नगराध्यक्ष दुसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवत होते. बहुतेक शब्द नीट ऐकले नसावेत.

मग रुळांचे सांधे बदलणारे एक पॉइंट्समन उठले. "क्वार्टर नाही आलं!"

"तिसरी ओळ?" गार्डसाहेबांनी ओरडून विचारलं.

"माझ्यामागून लागला, त्याची वास्तुशांत झाली!"

"जुळत नाय!"

"जुळायला काय, क्वार्टर कुठं जुळतंय!"

प्रत्येकासाठी गार्डसाहेब वेगळं वाजवत होते, हे मला तेव्हाही जाणवलं. ठेके तेच बारा, सुरांची चढउतार तीच. पण पाण्यासाठी त्यांनी तारेवर टपटप टिपके टाकले आणि शेवटचा टिपका टाकलाच नाही. क्वार्टरसाठी जाड तारांवर एकच घुम्म सूर धरून ठेवला, रिकाम्या खोलीसारखा. माझं गीत आतमध्ये कुठंतरी होतं. अधूनमधून "उजळले कासारे" ची चाल ते एका तारेवर हळूच दाखवायचे, ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तशी, आणि पुन्हा लपवायचे.

चार चोवीसला नववीतली एक मुलगी उठली आणि मी मनातल्या मनात सेवासमाप्तीचं पत्र वाचलं.

भूगोलाचं पुस्तक नाही आलं
भूगोलाचं पुस्तक नाही आलं
सहामाहीला गोदावरीचं उगमस्थान अंदाजानं लिहिलं

पाणी नगरपालिकेचं. क्वार्टर रेल्वेचं. पुस्तक शिक्षण खात्याचं. या क्षणी साहेब दारातून आले असते तर त्यांना दिसलं असतं की चारशे माणसं टाळ्यांच्या गजरात त्यांच्या खात्याचं गाऱ्हाणं गातायत, आणि माइक माझ्या हातात आहे. मी दाराकडे पाहिलं. दार रिकामं. मी देवाचे आभार मानले आणि माइकवरून म्हणालो, "आता पुरे. कृपया कोणी उठू नये."

तेव्हाच चौदाव्या रांगेतले स्वेटरवाले गृहस्थ उठले.

"काका, बसून घ्या," मी म्हणालो. "तुम्हाला मघाशीच सांगितलंय."

"माझं एक राहिलंय," ते म्हणाले.

"कार्यक्रमानंतर सांगा."

"मास्तर," गार्डसाहेब मागून म्हणाले, "एक डबा राहिला तर गाडी हलत नाय. बोला हो, दादा. काय नाय आलं?"

गृहस्थांनी चष्मा काढून हातात घेतला. "बदली," ते म्हणाले.

हॉलमध्ये निम्मे रेल्वेवाले. तो शब्द त्यांना समजावून सांगावा लागत नाही. हसणं थांबलं.

"किती वर्षं?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"सात. घर नगरला आहे."

मुलींनी म्हटलं. बदली नाही आली. गिटारनं म्हटलं. मुलींनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या ओळीला गार्डसाहेबांनी टाच थांबवली. गृहस्थांना गाता येत नव्हतं. ते नुसतं बोलले.

"पाळण्यात होती ती पोरगी आता सायकल चालवू लागली."

त्यानंतर गार्डसाहेबांनी एकट्यानं जे वाजवलं ते मी चाळीस वर्षांच्या बातमीदारीत कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. प्रयत्न करतो. सुरुवातीला एकच सूर होता, तो बाटलीच्या मानेखाली थरथरत वर जाई आणि पोचायच्या आधी परत येई. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा तो पोचला, आणि नेमका तिथं त्यांनी माझ्या स्वागतगीताचा पहिला सूर लावला. "स्वागत करू या" ची तीच चाल, पण इतकी सावकाश, की ती दारात उभ्या असलेल्या कोणासाठी नव्हती. ती लांब कुठं तरी, नगरला, दिवा लावून बसलेल्या माणसासाठी होती. मीच लिहिलेल्या ओळी मला पहिल्यांदा कळल्या. मराठे बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच मला म्हणाल्या, "गंधार अजून चुकतोच आहे."

मग बारा ठेके पुन्हा सुरू झाले. पण कोणी उठलं नाही. गार्डसाहेब माझ्याकडे बघत वाजवत होते. पहिली ओळ रिकामी गेली. दुसरी रिकामी गेली. तिसरीला त्यांनी हनुवटी उचलून मला खूण केली. माइक माझ्या तोंडासमोर होता. मी तो खाली केला. तिसरीही रिकामी गेली.

चार छत्तीसला जीप परत आली. हेडसर हार घेऊन बाजूच्या दारातून घाईनं व्यासपीठावर चढले आणि माझ्या कानात म्हणाले, "खैरनार, साहेब गाडीतूनच उतरले नाहीत. कार्यक्रम उरका." मग त्यांनी सभागृहाकडे नमस्कार करायला तोंड वळवलं. त्यांची नजर चौदाव्या रांगेत खिडकीशी गेली. हेडसर साहेबांना जिल्ह्याच्या ठिकाणी अनेकदा भेटलेले होते. मी एकदाही नाही.

"अरे देवा," हेडसर म्हणाले. हे माइकवर गेलं.

गार्डसाहेबांनी वाजवणं थांबवलं. "काय झालं?"

"ते... स्वेटरमध्ये... साहेब!"

"कुठं बसलेत?"

"तिथं! मागे!"

"बसलेत ना?" गार्डसाहेब म्हणाले, आणि त्यांनी शेवटचा सूर छेडून गिटार मांडीवर आडवी ठेवली.

उगलेसाहेब मधल्या वाटेनं चालत आले. कोणी गात नव्हतं, फक्त वहाणांचा आवाज येत होता. पॅसेंजर चार नंबरच्या फलाटावर लागली होती, ते मागच्या पुलावरून उतरून रुळांच्या कडेनं चालत आले होते. हेडसरांनी हार घातला आणि त्यातली दोन फुलं स्वतःच्याच कोटात अडकवून घेतली.

"साहेब, क्षमा असावी, कोणी तुम्हाला मागं बसवलं—"

"यांनी," साहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले. रागानं नाही. माहिती म्हणून.

"साहेब, आपण सांगितलं का नाही?" मी कसंबसं म्हणालो.

"सांगणार होतो. तेवढ्यात गाणं सुरू झालं. त्यात माझं नाव होतं. म्हटलं, संपू द्यावं."

त्यांचं भाषण दोन वाक्यांचं झालं. "आपल्याकडे काय काय आलेलं नाही ते मी सविस्तर ऐकलं. भूगोलाची पुस्तकं सोमवारी निघतील." एवढं बोलून ते बसले. शिक्षणाधिकाऱ्याला इतक्या टाळ्या मिळालेल्या मी नंतर कधी पाहिल्या नाहीत.

पाच दहाला मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा झाला. साहेब, हेडसर, मी, आणि ग्लोरियाला घेऊन जायला थांबलेले गार्डसाहेब. साहेबांनी कपबशी घेतली आणि माझ्याकडे वळले.

"खैरनार तुम्हीच ना?"

"हो साहेब."

"गीत तुमचं?"

"हो साहेब. पहिली चार मिनिटं."

ते हसले. मग त्यांनी मला सरळ विचारलं, "आज सगळ्यांचं ऐकून झालं. तुमचं काही राहिलं नाही ना?"

मी त्या माणसाला चौदाव्या रांगेत बसवलं होतं. दोनदा गप्प केलं होतं. चारशे माणसांदेखत काका म्हटलं होतं. सहा वर्षं मी या एका प्रश्नाची वाट बघत होतो आणि त्याची उत्तरं घरी आरशासमोर पाठ केली होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "आपल्या कृपेनं सगळं व्यवस्थित आहे."

"बरं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बिस्कीट घेतलं.

बाहेर आल्यावर गार्डसाहेब खोकं सायकलला बांधता बांधता म्हणाले, "मास्तर, अख्खी एक फेरी मी तुझ्यासाठी रिकामी वाजवली. चहात साहेबानं दुसरी वाजवली. तू काय माणूस आहेस रे? तुझी गाडी लूपमध्ये नाय, शेडमध्ये आहे."

सव्वासहाच्या एसटीनं मी बातमी पाठवली. 'शिक्षणाधिकाऱ्यांचे उत्साहात स्वागत.' गाण्याबद्दल एक वाक्य होतं, ते संपादकांनी कापलं.

पुढचं मी नोंद ठेवली आहे तसं देतो. भूगोलाची पुस्तकं बुधवारी आली. पेटी त्याच आठवड्यात आली. तिचा भाता फाटलेला होता. पाणी मार्चमध्ये आलं, एक दिवसाआड. पॉइंट्समनला क्वार्टर मिळालं. त्याच्या वास्तुशांतीला गार्डसाहेबांना बोलावणं होतं, आणि तिथं एका विधवा बाईंनी आपल्या पेन्शनसाठी एक फेरी वाजवायची त्यांना गळ घातली. "मी गार्ड आहे, ज्योतिषी नाय," ते म्हणाले, पण वाजवली. पेन्शन जूनमध्ये सुरू झाली. निवृत्तीपर्यंत त्यांच्या दारात दर रविवारी दोन-तीन माणसं कागद घेऊन बसलेली असायची.

उगलेसाहेबांची बदली ११ फेब्रुवारीला आली. नगरला. ते तेराव्या दिवशी रुजू झाले.

मी मार्चमध्ये जिल्ह्याला माझ्या फायलीची चौकशी करायला गेलो. तिथले लिपिक नेरकर भाऊसाहेब यांनी कपाट उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "इथं नाही. नव्या साहेबांकडे मूळ फाईल असल्याशिवाय काही होणार नाही." मी नगरला पत्र लिहिलं. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं, ते माझ्याकडे आहे. त्यातला मजकूर असा: 'आपल्या मान्यतेवर मी १७ जानेवारी रोजीच सही केली होती. फाईल आपणांस समक्ष दाखवावी म्हणून कासारे येथे सोबत आणली होती. आपले काहीच राहिले नाही असे आपण सांगितल्यावरून, आपणांस वर्तमानपत्रात कायमची नोकरी लागली असावी असा माझा समज झाला. सबब फाईल सोमवारी, २० तारखेस, कार्यालयात परत दिली. कुटिन्हो यांना नमस्कार सांगावा. मुलगी सायकलवरून पडली, पण बरी आहे.'

मी पोस्टकार्ड घेऊन नेरकर भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. "सोमवारी फाईल आलेली नाही," ते म्हणाले. "साहेब खोटं बोलणार नाहीत. मीही नाही."

एप्रिलमध्ये मला सेवासमाप्तीचं पत्र मिळालं. जूनमध्ये नेमणुकीचं घ्यायला मी गेलो नाही. दैनिकानं मला कचेरीत घेतलं होतं. उगलेसाहेबांचा समज असा पाच महिन्यांनी खरा झाला.

गेल्या वर्षी ते जिल्हा कार्यालय नव्या इमारतीत हललं. त्याची बातमी करायला मीच गेलो, निवृत्त असूनही, कारण जुन्या इमारतीची माहिती असलेलं दुसरं कोणी उरलं नव्हतं. नोंदवह्यांचे गठ्ठे व्हरांड्यात पडले होते. मी १९८६ ची काढली. माझं नाव सापडलं. फाईल कार्यालयातून बाहेर गेल्याची तारीख १८ जानेवारी, शेरा 'साहेबांसोबत'. त्यापुढे, परत आल्याच्या रकान्यात, पेन्सिलीनं तारखेची सुरुवात केलेली आहे. एक आकडा लिहिला आहे, दोन. दुसरा आकडा लिहिलेला नाही.